आबांच्या देखत

आमच्या दवाखान्यात बाळंतपण झालं, की बाळ पुसून, गुंडाळून बाहेर दाखवायला न्यायचं काम बहुतेकदा माझ्याकडं असतं. भूम तालुक्यातल्या गावागावांतून बायका येतात, आणि एका बाईमागं पाच-सहा माणसं तरी असतातच. मी दार उघडलं की सगळे उठतात. आजी पुढं, आत्या पुढं, मामा मोबाईल काढून तयार. आणि ज्याच्यामुळं हा सगळा घोळ झाला तो बाळाचा बाप मागं खांबाला टेकून उभा, हात पाठीशी, नजर छताच्या पंख्याकडं.

"घ्या की हो, चावत नाही ते," असं पूर्वी मीही म्हणायची. आता म्हणत नाही. आता मी आधी बघते, त्याचा बाप आलाय का. आला असेल तर म्हाताऱ्याला चहा प्यायला पाठवायचं काहीतरी निमित्त काढते, आणि म्हातारा फाटकाबाहेर गेला की बाळ त्याच्या पोराच्या हातात ठेवते. भरलेली कळशी धरावी तसा तो ते धरतो. काहीजण रडतात. मग मला उगाच कपाटातलं काहीतरी शोधावं लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं आपल्या बापाच्या देखत आपलं लेकरू उचलून घेत नाहीत. घेतलं तर काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. "बरं दिसत न्हाय," एवढंच. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी गुलुगुलु बोलावं तसं काहीतरी ते मानतात. पुतण्याला घ्या, भाच्याला घ्या, शेजाऱ्याचं पोर डोक्यावर घेऊन नाचा, कुणाची ना नाही. आपलं तेवढं खाली ठेवायचं.

नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तळहातात बोट ठेवलं तर ते मूठ आवळतं. बोट कुणाचंही असो. इतकी बाळं माझ्या हातांखालून गेली, एकानंही मूठ आवळण्याआधी आजूबाजूला कोण बघतंय याचा अंदाज घेतला नाही. म्हणजे हे आपण पोटातून घेऊन येत नाही. मधेच कधीतरी शिकतो, आणि शिकवणारा कोण ते शोधायला जावं तर सापडत नाही. मी शोधून पाहिलंय, म्हणून सांगते.

माझं माहेर ईट गावाच्या अलीकडं. धाब्याचं घर, पुढं मोठं अंगण. घरात आजोबा म्हणजे आबा, त्यांचे दोन मुलगे, दोघांच्या बायका आणि आम्ही लेकरं. धाकटा मुलगा म्हणजे माझे वडील. चुलतभावंडं त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणायला लागले. बापाला बाप म्हणायचीही आमच्या घरात सोय नव्हती.

तरी लेकरांचे हाल होत नसत. माझी वरात मोठ्या चुलत्यांच्या खांद्यावरून निघायची आणि चुलतबहिणीची नानांच्या. दोघींनाही खांदा मिळत होता, फक्त अदलाबदल झालेली. मला वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतं. आई आपली असते आणि बाप चुलतबहिणीचा.

मी पाच-सहा वर्षांची असताना दोघी जावांचं वाजलं. कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही, पण तेव्हा ते फार मोठं होतं. चुली वेगळ्या झाल्या. अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले. शेत, म्हशी, भांडीकुंडी सगळ्याची वाटणी नीट झाली, आणि आबा आमच्या वाटणीला आले.

त्यानं काय झालं बघा. पत्र्यापलीकडं आता वडीलधारं कुणी उरलं नाही, तेव्हा चुलत्यांना स्वतःची पोरगी घ्यायला मोकळीक मिळाली. मला त्यांनी घ्यायचं बंद केलं, कारण भांडण. अलीकडं नानांना मला घेता येईना, कारण ओट्यावर बाजेवर आबा. संध्याकाळी पत्र्यांच्या वर चुलतबहिणीचं डोकं दिसायचं, बापाच्या खांद्यावर बसून इकडून तिकडं जाणारं. वर बसून ती मला वेडावून दाखवायची. मी मधल्या मधे जमिनीवर राहिले. मोठ्या माणसांनी चमच्यांचीसुद्धा वाटणी केली होती, पण एका पोरीचा खांदा गेला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आबा काही दुष्ट नव्हते. हुरड्याच्या दिवसांत माझ्यासाठी कोवळी कणसं निवडून ठेवायचे. पण ते कायम ओट्यावर असायचे, आणि नजर तेज.

एकदा नाना मला भूमच्या बाजाराला घेऊन गेले. आबा घरी होते. एसटीत मी मनाशी पक्कं ठरवलं की आज काय व्हायचं ते होईल. बाजारात ही गर्दी. लोकांची पोरं बापांच्या खांद्यावर बसून सगळ्या बाजारावर नजर ठेवून होती, आणि मला नुसती धोतरं आणि पिशव्या दिसत होत्या. मी नानांचा हात ओढला आणि दोन्ही हात वर केले. ते थांबले. खाली वाकले. त्यांचे हात माझ्या काखेपर्यंत आले होते, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. आमच्याच गावचा म्हातारा, आबांच्या बरोबरीचा. नाना ताडकन उभे राहिले. "चल की, पाय हाईत की तुला," म्हणाले. म्हाताऱ्यानं मला शेव घेऊन दिली. ती मी खाल्ली नाही.

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी भाऊ झाला. नवसाचा. मला वाटलं, आता ह्याला तरी घेतील. त्यालाही घेतलं नाही. त्यात मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझं लग्न झालं तेव्हा आबा बसलेच होते, म्हणून सासरी वाटे लावताना नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. पुढं आबा गेले. तोवर मी दोन लेकरांची आई झाले होते. अडवणारं कुणी उरलं नव्हतं, पण उचलून घ्यायचं वयही उरलं नव्हतं. आणि नातवंडांना आजोबानं घ्यायला रिवाज आड येत नाही. माझी पोरगी नानांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढायची, ते हसायचे, आणि मी चहाचा कप हातात धरून बघत राहायची. आपल्याच लेकीचा हेवा वाटणं ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही.

हे असं सगळं मुरून गेलं असतं. पण भावाला मुलगी झाली.

भावाची गावात खव्याची भट्टी आहे. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात नाना, भाऊ, भावजय आणि ती तीन वर्षांची पोरगी. भाऊ तिच्यावर जीव टाकतो. हे मला भावजयीनं सांगितलं, कारण माझ्यासमोर आणि नानांसमोर तो तिच्याकडं बघतसुद्धा नाही. मोटारसायकलवर पुढं बसवून फिरवतो, ते चालतं. ते उचलण्यात धरत नाहीत. कायदा कुणी लिहिलेला नाही, पण पोटकलमं सगळ्यांना पाठ आहेत.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस भावाचा फोन आला. आवाज चढलेला.

"आक्का, तुज्या बापाला इचार, आमी काय कमी केलं त्यास्नी."

बाप त्याचाही आहे, पण रागात तो माझ्या एकटीच्या नावावर केला. नाना शेतात राहायला गेले होते. गोधडी, तांब्या, दोन शेळ्या घेऊन. रानात राखणीची पाचटाची खोप आहे, तीत. कारण काय तर तुरीला डुकरं लागलीत. डुकरं दरवर्षीच लागतात. थंडी कडाक्याची, नानांना खोकला, आणि गावात दुसऱ्याच दिवशी चर्चा सुरू झाली की पोरानं बापाला रानात टाकला. सून जेवायला घालत नाही इथपर्यंत मजल गेली. भावजय तेव्हापासून पाण्यालासुद्धा बाहेर पडत नव्हती.

मी सुट्टी टाकून गेले. भाऊ भट्टीवर होता. दूध आटत आलं की कढईवरून नजर काढता येत नाही, हात थांबवता येत नाही, नाहीतर बुडाला लागतं. त्यामुळं तो माझ्याशी पाठमोराच बोलला.

"तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाय गावात. म्या तीनदा गेलो आणायला. 'डुकरं हाईत' म्हणतेत. मी राखण ठिवतो म्हणलं, तर 'तुला जमत न्हाय' म्हणलेत."

"भांडलात का?"

"एक शबुद न्हाय. आम्ही भांडायला बोलतोय कवा?"

हे मात्र खरं होतं. त्यांचं भांडण व्हायचं तर आधी बोलणं व्हायला हवं.

मी एकटीच रानात गेले. नाना खोपीपुढं उन्हात बसले होते. मला बघून उठले, पुन्हा बसले. मी आणलेली भाकरी त्यांनी खाल्ली. डुकरांची चौकशी केली तर म्हणाले, "औंदा तशी कमीच हाईत." मग स्वतःलाच कळलं काय बोलून गेलो ते, आणि शेळीच्या दाव्याशी चाळा करत बसले.

"नाना, गावात पोराची लाज चाललीय," मी म्हणाले. "खरं काय ते सांगा."

ते दाव्याची गाठ सोडत-बांधत राहिले. माझी दवाखान्यातली सवय अशी की अशा वेळी गप्प बसायचं, माणूस आपणहून बोलतो.

"म्या घरात असलो की त्यो लेकरू खाली ठिवतो," नाना म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. बाहेरून येताना ते दारात खोकतात. सगळेच म्हातारे खोकतात, सुनेनं पदर सावरावा म्हणून. नाना खोकले की आत पोरगी रडायला लागायची. पुष्कळ दिवस त्यांना वाटलं, आपल्या खोकल्याला भ्याली. मग एक दिवस ते मुद्दाम न खोकता आत गेले. भाऊ पोरीला छातीशी धरून घरभर गरगर फिरत होता, काहीतरी गाणं म्हणत होता. गाणं कसलं, नुसतं तोंडानं वाजवत होता. ती खिदळत होती. आणि वळताना त्याला नाना दिसले.

"असा दचकला गं," नाना म्हणाले, "हातातून पडलीच ती. ढुंगणावर आपटली. रडाया लागली, तर उचलंना बी. भिताडाकडं बघत हुबा. म्या म्हणलं, माज्या पायी लेकरू आपटलं."

"मग म्हणायचं की, घे तिला."

"कसं म्हणू?"

"तोंडानं म्हणायचं."

ते हसले. हसायची गोष्ट नव्हती. माणूस थंडीत रानात येऊन राहायला तयार होता, सगळ्या गावासमोर पोराची बदनामी होऊ द्यायला तयार होता, पण 'घे तिला' हे दोन शब्द त्याला जड होते. मला राग आला. त्या पोरीसाठी आला, आणि माझ्यासाठी तर किती वर्षांचा साठलेला होता. तीन वर्षांची आहे ती. अजून दोन-तीन वर्षं, मग ती जड होईल, मग शाळेत जाईल, मग तिलाच लाज वाटेल. हे दिवस गेले की कुणाच्या बापालाही आणता येणार नाहीत, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आबांनी तुम्हाला कधी न्हाय म्हणलं होतं का?" मी विचारलं. "आम्हाला घेऊ नको म्हणून?"

नानांनी खरंच आठवून बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले. "आबा कशाला म्हणतेत? त्यास्नी म्हणायची येळच कुणी आणली न्हाय."

पुढं म्हणाले, "एक डाव मातर म्हणलेत, पोरगी रडायलीय. तू लई रडत व्हतीस. मला वाटलं, तुज्या आईला हाक मार म्हणतेत. मारली हाक. आता वाटतंय, त्ये मला म्हणत व्हते काय की."

इतकी वर्षं मी ज्यांना दोष देत आले त्या आबांनाही कदाचित चाललं असतं. म्हणजे बाजेवर बसलेला तो म्हातारा पोरगं कधी लेकरू उचलतंय याची वाट बघत होता, आणि पोरगं म्हाताऱ्याच्या धाकानं उचलत नव्हतं, आणि मी खाली रडत होते. सगळे एकमेकांचा मान राखत होते. असलं काही दवाखान्यात बघितलं की मी लगेच दुरुस्त करते. घरचं समजायला मला एवढी वर्षं लागली.

"मी सांगते त्याला," मी म्हणाले.

"नगं. सांगू नगंस. सांगून घ्यायला लागला, तर त्येला लाज वाटंल. परत घ्यायचा बी न्हाय."

मी सांगितलं नाही, पण भावाला फोन लावला. म्हटलं, पोरीला घेऊन ये, नातीनं बोलावल्यावर येतील. तो दुपार कलल्यावर आला. ओढ्यापर्यंत गाडीची वाट आहे, पुढं बांधावरून चालत यावं लागतं. आम्ही खोपीत बसलो होतो. तुरीच्या फटीतून मला तो आधी दिसला. पोरगी त्याच्या खांद्यावर बसली होती, त्याचे केस धरून. वाटेत एक बाभळ आहे, तिच्या पुढं आलं की खोपीतून माणूस उघडा दिसतो. बाभळीपाशी तो थांबला. पोरीला उतरवलं, तिचा फ्रॉक झटकला, केस नीट केले, आणि हात पाठीशी बांधून तिच्या मागून चालत आला, जसं काही ती वाटेत भेटली होती.

मी नानांकडं बघितलं. त्यांनीही बघितलं होतं.

"चला घरी," भाऊ आल्या आल्या म्हणाला. डोळे जमिनीवर. "राखणीला माणूस लावलाय."

नाना लगेच उठले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. त्यांनी गोधडीची वळकटी केली, शेळ्यांची दावी सोडून माझ्या हातात दिली आणि नातीच्या गालावरून हात फिरवला. आम्ही निघालो. दहा पावलं गेलो नसू तर पोरगी अडून बसली. इतक्या लांब आली होती, दमली होती. बापापुढं उभी राहून तिनं दोन्ही हात वर केले. भावानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि एकदा नानांच्या पाठीकडं.

"चल की," तो म्हणाला. "पाय हाईत की तुला."

त्याला ते वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. तो तर तेव्हा जन्मलाही नव्हता.

मला वाटलं, नाना वळतील आणि स्वतः नातीला घेतील. त्यांना मुभा होती. ते वळले नाहीत. उलट झपाझप चालायला लागले. खोकत होते, धाप लागत होती, तरी पाय उचलतच होते. मी शेळ्या ओढत त्यांच्या मागं. मागचं रडणं दूर दूर जात राहिलं. मग थांबलं.

"घेतलं का?" नानांनी पुढं बघतच हळू विचारलं.

मी मान वळवून बघितलं.

"घेतलं."

"आता मागं बघू नगंस."

आम्ही तसेच चालत राहिलो. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. बाभळीपाशी आल्यावर त्यांचे पाय मंदावले.

"तुला बी म्या हितवर आणायचो," ते म्हणाले. "घरून निघालं की, गावाच्या भाईर आलं की, खांद्यावर. आबा तवा राखणीला खोपीत असायचे. हितं आलं की खाली ठिवायचो."

मी थांबले. शेळ्याही थांबल्या.

"मला?"

"तुला न्हाय तर कुणाला? लई बारकी व्हतीस. नुकती चालाय लागली व्हतीस. खाली ठिवलं की रडायचीस, असेच हात वर करून. मग म्या फुडं निघायचो. मागं बघायचो न्हाय. बघितलं असतं तर घेतलं असतं."

एवढं बोलून ते पुढं गेले. मी त्या बाभळीखाली उभी राहून आठवायचा फार प्रयत्न केला. नानांचा खांदा, त्यांचे केस, वरून दिसणारी ही वाट, काहीतरी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटला ते मला मिळालं होतं, रोज मिळालं होतं, आणि माझ्याजवळ त्यातलं काहीही नव्हतं. मागून भाऊ पोरीला घेऊन येत होता, तोंडानं ते वाजवणं चालू होतं. नानांनी सांगितलं होतं तशी मी पुढंच बघत राहिले.

खांदा मला आठवत नाही. त्यांच्या मागून चालणं तेवढं आठवतं.